शंभर मीटरची यादी

कुलुपांच्या कारखान्यात त्यांना सगळे सेकंदबाई म्हणत. तोंडावर नुसतं ‘बाई’. त्या जोडणी विभागाच्या दारात दिसल्या की पहिल्या टेबलावरची दुसरीला कोपराने ढोसायची, आणि खबर शेवटच्या टेबलापर्यंत पोचायला चार सेकंद लागायचे. हेही बाईंनीच मोजलं होतं.

त्यांचं कामच तसं. कुलपाच्या पेटीत पट्ट्या बसवायला किती वेळ, स्प्रिंग अडकवायला किती, किल्ली फिरवून बघायला किती, हे घड्याळ लावून मोजायचं, कागदावर मांडायचं आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर ठेवायचं. असल्या माणसाला कारखान्यात कोणी डोक्यावर घेत नाही. बाईंच्या आकड्यांमुळेच पॅकिंगवाल्यांचं अशक्य टार्गेट दोनदा खाली आलं होतं, पण ते कोणी लक्षात ठेवलं नाही. बाईंना त्याचं सोयरसुतक नव्हतं. ‘मला वाटतं’ हे शब्द त्यांच्या तोंडी कधी यायचे नाहीत. “मोजलंय मी,” एवढं बोलून त्या पुढच्या टेबलाकडे वळायच्या.

घड्याळ त्यांच्या हाती आलं ते कारखान्याच्या कितीतरी आधी. एकोणीस वर्षांच्या असताना त्या आतेबहिणीची शर्यत बघायला मैदानावर गेल्या होत्या. वेळ नोंदवणारा एक गृहस्थ त्या दिवशी आलाच नाही. मुख्य पंचांनी बघ्यांकडे नजर टाकली. सगळे उभे राहून ओरडत होते, एकच मुलगी गप्प बसून पळणाऱ्यांचे पाय बघत होती. पंचांनी तिला खाली बोलावलं, हातात घड्याळ दिलं आणि सांगितलं, “पिस्तुलाच्या आवाजावर जाऊ नकोस, आवाज उशिरा येतो. धूर दिसला की बटण दाब.” तेव्हापासून बावीस वर्षं, शर्यती असतील त्या रविवारी, बाई शेवटच्या रेषेजवळच्या लोखंडी पायऱ्यांवर बसत आल्या होत्या. धूर दिसला की सुरू, छाती रेषेवर आली की बंद. शेजारच्या दोन घड्याळांशी त्यांचं घड्याळ जुळलं नाही, तर पंच आधी त्या दोन घड्याळांकडे संशयाने बघायचे.

बाईंचे मिस्टर चष्म्याचं दुकान चालवायचे. अत्यंत शांत माणूस. बायको दुधाला उकळी फुटायची वेळही सांगते, हे ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचे, आणि गिऱ्हाइकं त्यांच्याकडे दयेने बघायची.

कारखान्याची फुटबॉलची टीम होती. गावातल्या आठ कारखान्यांची मिळून स्पर्धा चालायची, आणि सलग दोन वर्षं कुलुपवाले शेवटून पहिले आले होते. तिसऱ्या वर्षी मॅनेजरसाहेबांनी मनावर घेतलं. त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. स्टोअरचे काका आधीच खुर्चीत बसले होते. काका दिवसभर स्टोअर सांभाळायचे, संध्याकाळी टीम. तरुणपणी ते गोलकीपर होते आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यांना आता सरळ करता येत नसत.

“बाई, फुटबॉल म्हणजे शेवटी पळणंच ना?” साहेबांनी विचारलं.

“बरंचसं,” बाई म्हणाल्या.

“मग आपण इतकी वर्षं अंदाजपंचे टीम निवडतोय. ज्यांना खेळायचंय त्यांची शंभर मीटरची वेळ घ्या. सगळ्यात वेगवान अकरा ते खेळतील. वशिला नाही, रुसवेफुगवे नाहीत.”

काकांनी घसा खाकरला. “निदान गोलकीपर तरी वगळा, साहेब. तो कुठे पळायचाय?”

साहेबांनी मोठ्या मनाने गोलकीपर वगळला.

बाईंनी काम चोख केलं. त्रेचाळीस जणांनी नावं दिली होती. गावच्या ट्रॅकवर दोन सकाळी घालवून त्यांनी प्रत्येकाला दोनदा पळवलं आणि चांगली वेळ धरली. पहिला आला किल्ली विभागातला एक उंच पोरगेलासा माणूस, अकरा पूर्णांक आठ सेकंद. त्याने शर्यतींमध्ये बक्षिसं मिळवली होती आणि त्याला आधीपासूनच रॉकेट म्हणत. एकोणचाळिसावा आला फोर्कलिफ्ट चालवणारा मालगाडी, पंधरा पूर्णांक दोन. हे टोपणनावही जुनंच होतं. अंगाने भरलेला, पस्तिशीचा, चालताना डावीकडे किंचित झुकणारा. नऊ वर्षं तो टीमच्या मधल्या फळीत खेळत होता.

यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा मालगाडी तिच्यापुढे बराच वेळ उभा राहिला. मग जिन्यात बाईंना गाठून त्याने विचारलं, “बाई, ते पंधरा-दोन नक्की ना?”

“नक्की.”

“मग ठीक,” तो म्हणाला आणि कामावर निघून गेला. ना वाद, ना कुरकुर. भांडायला आलेल्यांना कसं परतवायचं ते बाईंना ठाऊक होतं. हा ‘ठीक’ मात्र त्यांना जड गेला.

पहिला सामना दोरखंडवाल्यांशी होता. कुलुपवाल्यांची नवी टीम मैदानात उतरली तेव्हा बघणाऱ्यांच्या तोंडून कौतुकाचा आवाज निघाला. दहाच्या दहा जण सडपातळ, पायात वारा भरलेला. शिट्टी वाजली आणि दहाही जण चेंडूच्या मागे सुटले. दोरखंडवाले जागचे हललेसुद्धा नाहीत. त्यांनी चेंडू इकडून तिकडे ढकलला, दहा जण तिकडे धावले. तिकडून इकडे ढकलला, दहा जण इकडे आले. अर्ध्या तासात आपल्या वेगवान मंडळींच्या जिभा बाहेर आल्या. रॉकेट तर चेंडूच्या आधी पोचायचा आणि मागे वळून त्याची वाट बघत उभा राहायचा. मागच्याने चेंडू मारायच्या आतच तो बचाव करणाऱ्यांच्या पलीकडे निघून गेलेला असे. पंच शिट्टी वाजवून हात वर करायचे. ऑफसाइड. एका सामन्यात सात वेळा. सामना सहा-शून्य गेला. पुढच्या आठवड्यातला, सायकलचे सुटे भाग बनवणाऱ्यांशी झालेला, चार-शून्य.

सोमवारी साहेबांनी पुन्हा केबिनमध्ये बोलावलं. “बाई, तुमच्या घड्याळात काही बिघाड?”

दुसरा कोणी असता तर त्याने चाचरत काहीतरी सारवासारव केली असती. बाई शांतपणे म्हणाल्या, “वेळा बरोबर आहेत. त्या वेळांवरून फुटबॉलचं किती कळतं, ते कोणी मोजलेलं नाही. ते आधी मोजायला हवं होतं, ती चूक माझी. पुढच्या सामन्याला तीन आठवडे आहेत. तेवढे द्या.”

“आणि तोवर?”

“तोवर यादी काढून टाकते.”

बाहेर येऊन त्यांनी स्वतःच्या हाताने बोर्डावरच्या टाचण्या काढल्या. पॅकिंगच्या दोघी तोंडाला पदर लावून हसल्या. बाईंनी कागदाची नीट घडी करून तो पर्समध्ये ठेवला. आकडे खरे होते, ते फेकायचं काही कारण नव्हतं.

त्या रविवारी दुसऱ्या दोन कारखान्यांचा सामना होता. बाई मिस्टरांना घेऊन गेल्या. त्यांना मैदानावरून नजर हलवायची नव्हती, म्हणून लिहायला माणूस हवा होता. मिस्टरांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ते पेपर घेऊन आले होते, तो बाईंनी त्यांच्याकडून काढून घेतला आणि वही दिली.

“सहा नंबरवाला. बारा मीटर. वळला. सात मीटर. थांबला. लिहिलंत का?”

“लिहितोय गं.”

“वीस मीटर, मागे. चालतोय. अजून चालतोय. अहो, चालतोय लिहा.”

“लिहिलं की. किती वेळा लिहू?”

पुढच्या रांगेतल्या एका बाईने वळून मिस्टरांकडे सहानुभूतीने पाहिलं. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय असंच तिला वाटलं असणार.

घरी जेवणाच्या टेबलावर वही पसरून बाईंनी हिशेब लावला. आळीपाळीने चार खेळाडू त्यांनी पाहिले होते. सरळ रेषेत शंभर मीटर एकदाही कोणी पळालं नव्हतं. सगळ्यात लांब धाव अडतीस मीटरची, तीही एकच. बहुतेक धावा पंधरा मीटरच्या आतल्या. आणि प्रत्येक धावेच्या आधी माणूस उभा नव्हता, तो चालत होता, वळत होता, नाहीतर मागे सरकत होता.

“म्हणजे तुझी शर्यत संपते तिथे यांची सुरूसुद्धा होत नाही,” मिस्टर म्हणाले.

“उलट बोलताय. माझ्या शर्यतीच्या पहिल्या पंधरा मीटरमध्येच यांचं सगळं आटोपतं.”

मंगळवारी संध्याकाळी त्यांनी त्रेचाळीस जणांना पुन्हा गोळा केलं. या वेळी पंधरा मीटर. इतक्या थोड्या अंतरात हाताने बटण दाबण्याची चूक फार मोठी ठरते हे त्या जाणून होत्या, म्हणून प्रत्येकाला पाच वेळा पळवून सरासरी काढली. क्रम बराच हलला. रॉकेट नवव्या नंबरावर घसरला. त्याचे लांब पाय उलगडायलाच वेळ लागायचा, त्याचा खरा वेग यायचा चाळीस मीटरनंतर. मालगाडी एकोणचाळिसावरून सव्विसावर आला.

काकांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, “सव्विसावाच. तरी सुटा चेंडू असेल तिथे हाच आधी असतो. नऊ वर्षं बघतोय मी. कसा, ते मला सांगता यायचं नाही.”

“उद्या त्याला सरावात खेळवा,” बाई म्हणाल्या. “मी बघते.”

बुधवारी त्या रेषेबाहेर उभ्या राहिल्या. फक्त मालगाडी बघायचा, दुसरं काही नाही. पद्धत ठरलेली होती. कोणाच्याही पायातून चेंडू सुटला की घड्याळ सुरू, मालगाडीने पहिलं पाऊल टाकलं की बंद. शर्यतीत धूर दिसल्यापासून पळणारा हलेपर्यंत मोजतात, तसंच.

पहिल्या वेळी त्यांना बटण दाबता आलं नाही. त्यांना वाटलं, आपलंच चुकलं. दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. समोरचा अजून पाय उचलत होता आणि मालगाडी दोन पावलं निघालेला होता. चेंडू तिथेच आला. चौथ्या वेळीही तसंच. वीस वेळा बघितलं, त्यातल्या चौदा वेळा तो चेंडू सुटण्याच्या आधी निघाला होता आणि त्यातल्या बारा वेळा बरोबर दिशेला.

बाई मोठ्याने हसल्या. काका दचकले. बाईंना हसताना त्यांनी आजवर कधी पाहिलं नव्हतं.

बावीस वर्षं त्यांनी पिस्तुलाच्या आधी सुटणाऱ्यांना शर्यतीतून बाद होताना बघितलं होतं. हा माणूस दर वेळी आधी सुटत होता आणि त्याला बाद करायला इथे पिस्तूलच नव्हतं. रॉकेट पंधरा मीटर त्याच्यापेक्षा वेगात जायचा, पण सेकंदाचा फार थोडा भाग वाचवायचा. मालगाडी निघतानाच त्याच्या दुप्पट वाचवत होता. आणि हे कारखान्यात त्यांच्या नाकासमोर रोज घडत होतं. जोडणीच्या तिसऱ्या टेबलावरच्या थोरल्या वहिनींचे हात सगळ्यात सावकाश चालायचे आणि दिवसाअखेरी कुलुपं सगळ्यात जास्त त्यांचीच व्हायची, कारण हातातली पट्टी बसते न बसते तोच त्यांचे डोळे पुढच्या पट्टीवर गेलेले असत. बाईंनी ते सहा वर्षांपूर्वी मोजून साहेबांना लिहूनही दिलं होतं. मैदानावर आल्यावर तेच आपल्याला सुचू नये, याचा त्यांना थोडा रागच आला.

सराव संपल्यावर त्यांनी मालगाडीला गाठलं. तो बुटाच्या नाड्या सोडत होता.

“तुम्हाला आधी कसं कळतं?”

“काय कळतं, बाई?”

“चेंडू कुठे येणार ते.”

हे त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. “फोर्कलिफ्ट चालवताना रॅकच्या पलीकडचं दिसत नाही ना. मग जे दिसतं त्यावरून धरायचं. कोणाचा खांदा दिसतो, कोणाची सावली. इथेही तसंच. माणूस पाय मारायच्या आधी त्याची कंबर वळते. ती बघायची. आणि चेंडू आपल्याकडे यायच्या आधी मागे कोण आहे ते बघून ठेवायचं.”

“किती वेळा बघता?”

“मोजलं नाही.”

“मी मोजते.”

दुसऱ्या दिवशी मिस्टर वही घेऊन पुन्हा हजर. या वेळी फक्त माना मोजायच्या होत्या. मालगाडी मिनिटाला अकरा वेळा मान फिरवून आजूबाजूला बघत होता. रॉकेट दोन वेळा, त्यातली एक घाम पुसताना.

शुक्रवारी बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा हातात तीन पानं होती. त्यांनी वाचून दाखवलं नाही, सांगितलं.

“शंभर मीटरच्या वेळेवरून चांगला फुटबॉल खेळणारा निवडता येत नाही. माझ्या यादीतले पहिले दहा आणि काकांनी त्यांच्या अनुभवाने काढलेले दहा यात तीनच नावं सारखी आहेत. पंधरा मीटरची वेळ थोडी बरी, चार नावं जुळतात. बाकीचं आधी बघण्यात आणि आधी निघण्यात आहे. मालगाडीला परत घ्या.”

“आणि रॉकेट? त्याला काढायचं?”

“नाही. त्याचा वेग खरा आहे, मोकळी चाळीस मीटर मिळाली तर त्याला कोणी धरू शकत नाही. फक्त कधी निघायचं ते त्याला कळत नाही. तो शर्यतीचा माणूस आहे. त्याला इशारा लागतो. इशारा मिळाला की त्याच्याइतक्या झटकन पहिलं पाऊल टाकणारं इथे कोणी नाही, तेही मोजलंय.”

“इशारा कोण देणार?”

“ज्याला आधी कळतं तो.”

काका खुर्चीत पुढे सरकले. मॅनेजरसाहेब पानं चाळून म्हणाले, “करा काय ते.”

पुढचा आठवडाभर सरावात एकच गोष्ट चालली. रॉकेटने बचाव करणाऱ्यांच्या रांगेत, त्यांच्या खांद्याला खांदा लावून चालत राहायचं, पळायचं नाही. मालगाडीकडे चेंडू आला आणि त्याने मान खाली घातली, की सुटायचं. पहिल्या दिवशी रॉकेट वैतागला. “बाई, मी काय त्याच्या मानेकडे बघत बसू? फुटबॉल खेळायला आलोय मी.”

“शर्यतीत पिस्तूलवाल्याकडे कान लावून बसतोसच ना. त्यात कमीपणा वाटतो का?”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं, सांग.”

तो परत जागेवर गेला. तिसऱ्या दिवशी दहातले सहा जमले, पाचव्या दिवशी आठ. मालगाडी त्याला समजवायचा नाही, रागवायचा नाही. चुकलं की “परत” एवढंच म्हणायचा.

तिसरा सामना काचवाल्यांशी. पहिल्या अर्ध्यात एक गोल खाल्ला, पण टीम आता मैदानभर विखुरलेली राहत होती, मालगाडीच्या हाताच्या खुणांवर पुढे-मागे सरकत होती. दुसऱ्या अर्ध्यात एक चेंडू सुटा झाला. मालगाडी नेहमीप्रमाणे तिथे आधीच होता. त्याने मान खाली घातली. काचवाल्यांच्या बचावातल्या कोणाला कळायच्या आत रॉकेट सुटला. चेंडू त्याच्या पुढे वीस मीटरवर पडला, आणि मग सगळ्या मैदानाने पाहिलं की अकरा पूर्णांक आठ म्हणजे काय असतं. गोलकीपर बाहेर यावं की थांबावं हे ठरवत होता तोवर काम झालं होतं. काकांनी आपली वाकडी बोटं हवेत उंचावली. साहेब शेजारच्याला सांगत होते की ही सगळी पद्धत शास्त्रशुद्ध आहे. बाईंनी मिस्टरांना एवढंच सांगितलं, “बासष्टावं मिनिट. लिहा.”

सामना एक-एक बरोबरीत सुटला. त्या मोसमात त्यांनी चार सामने जिंकले आणि आठांत पाचवे आले. पाचवा नंबर म्हणजे काही आकाशाला हात लागले नाहीत, पण दोरखंडवाल्यांशी परतीचा सामना दोन-एक जिंकला, आणि दुसऱ्या दिवशी जोडणी विभागात बाई शिरल्या तेव्हा कोणी कोणाला कोपराने ढोसलं नाही. तिसऱ्या टेबलावरून कोणीतरी विचारलं, “बाई, पुढच्या वर्षी बायकांची टीम काढायची का?”

“किती जणी आहात?” बाईंनी विचारलं. चौदा हात वर झाले. त्यांनी नावं लिहून घेतली.

वर्षभराने रॉकेटला दुसऱ्या गावच्या मोठ्या क्लबच्या चाचणीचं बोलावणं आलं. क्लबने शंभर मीटरच्या वेळेचा दाखला मागितला होता. बाईंनी तो स्वच्छ अक्षरात लिहिला. अकरा पूर्णांक आठ, हाताने घेतलेली वेळ, तारीख, सही. त्याखाली स्वतःहून दोन ओळी घातल्या: ‘यावरून हा खेळाडू फुटबॉल कसा खेळतो हे कळणार नाही. त्यासाठी त्याला सामन्यात पाहावे.’

“बाई, हे खालचं कशाला?” रॉकेटचा चेहरा पडला.

“खरं आहे म्हणून.”

क्लबने वरची ओळ वाचली आणि त्याला घेतलं. तीन महिने तो बाकावर बसून होता. चौथ्या महिन्यात त्याने बाईंना फोन केला. “इथे माझ्यासाठी मान खाली घालणारं कोणी नाही, बाई.”

“मग ज्याच्या पायात चेंडू असेल त्याची कंबर बघायला शीक. मालगाडीला फोन देऊ का? समोरच आहे.”

फोन मालगाडीकडे गेला. तो पंधरा-वीस मिनिटं बोलत राहिला, फोर्कलिफ्ट तशीच रस्त्यात उभी ठेवून, आणि मागे दोन हातगाड्या खोळंबल्या. बाईंनी त्या दिवशी ती वेळ वाया गेलेल्या वेळेत धरली नाही.